निळी नखं

दुपारी सव्वाचारला दादा उठेनात.

वहिनींनी दोनदा हाक मारली, चादर ओढली, शेवटी चांगल्या पायाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. एरवी एवढ्यावर दादा शिव्या देत उठून बसायचे. आज त्यांनी पायही आखडला नाही. श्वास चालू होता. नाकातली नळी जागेवर होती. खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन रोजच्यासारखं घुरघुरत होतं आणि त्याच्या काचेच्या नळीतली छोटी गोळी चारच्या रेघेवर थरथरत होती.

"भाऊजी, बघा हो. तीन दिवस झाले, नुसते झोपतायत. मला वाटलं, बरंच आहे, किती महिन्यांनी धड झोप लागली. पण हे काही खरं दिसत नाही."

दारात चपला न काढता उभा असलेला धाकटा भाऊ आत आला. पन्नाशी उलटली तरी त्याला घरात भिंगरीच म्हणत. ते नाव दादांनीच पाडलेलं. हा लहानपणी जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरायचा, आणि अजूनही त्याला कोणी बसलेलं पाहिलं तर लोक तब्येत विचारायचे. भिंगरी रोज याच सुमाराला दादांना फिरायला न्यायला यायचा. गेले तीन दिवस तो येऊन परत गेला होता, आणि या तीन दिवसांत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचं कारण दादांची झोप नव्हती, दुसरंच होतं.

त्याने दादांचा खांदा हलवला. "दादा, ऊठ. फिरायला जायचंय ना?"

दादांचा एक डोळा अर्धवट उघडला. ओठ हलले. "फेस बघ," ते म्हणाले, आणि डोळा मिटला.

"फेस? कसला फेस?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. बरळला झोपेत."

वहिनींनी ऑक्सिमीटरचा चिमटा दादांच्या बोटाला लावला. आकडा बराच वेळ आलाच नाही, मग आला. ब्याऐंशी. "अगं बाई, अजून कमी!" म्हणत त्यांनी मशीनच्या बटणाला हात घातला आणि गोळी पाचवर नेली. भिंगरीने तोपर्यंत फोन लावला होता. अँब्युलन्स येईपर्यंत तो खाट आणि खिडकी यांच्यामध्ये इतक्या खेपा घालत होता, की वहिनी शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी एका जागी उभे राहा. मला चक्कर येतेय."

*

दोघे भाऊ रंगारी. वडिलांचा रंगखाना, दोन वळणं पलीकडे, आणि त्यात निळीचा हौद. पुडीतला रंग पाण्यात घातला की झालं, असा हा हौद नव्हे. तो आंबवायचा, ऊब द्यायची, कोंडा-चुना घालायचा, ढवळायचा. तो जिवंत असतो, रुसतो, आजारी पडतो आणि मरतोही. वर तांबूस झाक आणि निळा फेस, खाली पिवळट हिरवं पाणी. कापड बाहेर येतं तेव्हा हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. दादा म्हणायचे, "कापडाला हवा मिळाली की ते निळं पडतं, माणसाला नाही मिळाली की. एवढाच फरक, बाकी आम्ही एकच."

हे ते गमतीने म्हणत होते तेव्हा त्यांची छाती शाबूत होती. पुढे चाळीस वर्षांची सिगारेट आणि चाळीस वर्षांची वाफ यांनी मिळून फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या आवळल्या. घरात मशीन आलं. त्याच सिगारेटने पायाच्या रक्तवाहिन्याही आतून बुजत आणल्या. चार घरं ओलांडली की पोटरी आवळायची, अंगठ्यावरची एक जखम महिनोन् महिने भरत नव्हती, आणि हातापायाची बोटं भर उन्हाळ्यात गार. दोन आजार, दोन डॉक्टर. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रंगखान्याचा उंबरठा ओलांडायचा नाही. पायाच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं. पोटरी दुखली की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. दादांनी दोन्ही आज्ञा शिरोधार्य मानल्या आणि त्यांची गाठ मारली. रोज दुपारी ते चालत रंगखान्यात जाऊ लागले.

याचं मूळ भिंगरीत होतं. दादा घरी बसल्यावर हौद त्याच्या हाती आला आणि महिन्याभरात मेला. भिंगरीच्या हातात वेग होता, सबुरी नव्हती. हौदाला वास मारू लागला, पाणी काळं पडलं, कापड राखाडी निघालं. भिंगरी रडकुंडीला येऊन दादांकडे आला, वहिनी आत आहेत हे पाहून हळूच बोलला. दादांनी ऐकून घेतलं, आणि वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पायाचे डॉक्टर चाल म्हणतायत. चल, मला जरा फिरवून आण."

तेव्हापासून हे फिरणं. चाकांच्या गाड्यावर छोटा सिलिंडर, नाकात नळी, एका हाताने भिंगरीचा खांदा धरलेला. पहिल्या वळणावर पोटरी आवळायची, तिथे कुलूपवाल्याच्या दुकानापुढे थांबायचं. कुलूपवाला रोज विचारायचा, "काय दादा, किल्ली हरवली?" आणि दादा रोज सांगायचे, "पायाची." रंगखान्यात हौदाखाली शेगडी असल्यामुळे सिलिंडर दाराबाहेर ठेवावा लागे. एवढी काळजी दोघेही घेत. मग नळी काढून दादा आत, हौदाच्या कडेला स्टुलावर. बघायचं फक्त, असं ठरलं होतं. पण हौद डोळ्यांनी कळत नाही, हातानेच कळतो. दादांचा उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात जायचा; घरी वहिनींचा चिमटा लागायचा डाव्या बोटाला.

घरी आल्यावर नखं निळी. पण ती चाळीस वर्षं निळीच होती. मध्यंतरी एकदा वहिनी म्हणाल्या होत्या, "काम सुटून वर्ष होत आलं, रंग काही सुटत नाही यांचा." त्यावर भिंगरीने पटकन सांगून टाकलं होतं, "चाळीस वर्षांचा रंग आहे वहिनी, हाडात गेलाय. आता तो दादाबरोबरच जायचा." तिघेही हसले होते. त्यानंतर कोणी नखांकडे पाहिलं नाही.

सोमवारी हौद बिघडला होता. दादांनी दोन्ही हात घातले आणि बराच वेळ ढवळलं. घरी आले तेव्हा दमलेले होते, पण मजेत. संध्याकाळी वहिनींनी चिमटा लावला तर त्र्याऐंशी. भिंतीवर डॉक्टरीणबाईंची सूचना चिकटवलेली होती: अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठेवा, गोळी दीडच्या वर विचारल्याशिवाय नेऊ नका. वहिनींनी विचारलं. पण विचारलं भिंगरीला.

"वाढवा थोडा," भिंगरी म्हणाला होता. "दादाला मोकळं वाटेल."

*

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पडद्यांचे कप्पे होते. दादांना तिसऱ्या कप्प्यात घेतलं. तिथली सिस्टर उंच, सावकाश बोलणारी आणि हात मात्र झरझर चालवणारी. तिने दादांच्या बोटाला चिमटा लावला. चौऱ्याऐंशी. तिने दादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओठ पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. मग चिमटा काढून दुसराच एक छोटा चिमटा आणला आणि कानाच्या पाळीला लावला.

अठ्ठ्याण्णव.

"हे कसं?" वहिनी म्हणाल्या. "वाढला एकदम?"

"वाढला नाही, आजी. आधीपासूनच असेल." सिस्टरने दादांचा हात उचलून दिव्याखाली धरला. "हे काय लागलंय नखांना?"

"रंग. रंगारी होते. तो जात नाही," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांचा आहे, हाडात गेलाय." त्यांनी भिंगरीचं वाक्य शब्दाला शब्द उच्चारलं.

भिंगरी पडद्याची कड बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

"होते म्हणजे? कधी सोडलं काम?"

"वर्ष होईल."

सिस्टरने दादांचं अंगठ्याचं नख मुळाशी दाबून पाहिलं आणि ती बाहेर गेली. परत आली ती तरुण डॉक्टरला घेऊनच. त्याने दादांना मोठ्याने हाका मारल्या, छातीवर मुठीने चोळलं. दादांनी कपाळाला आठी घातली. "आजोबा, हात पुढे करा. रस्त्यात गाडी थांबवतो तसे." दादांचे हात सिस्टरने धरून उभे केले आणि सोडले. पंजे एक क्षण उभे राहिले, मग मनगटातून गळाले, पुन्हा उचलले गेले, पुन्हा गळाले. पाण्यावर पंख मारावेत तसे.

भिंगरीने हे आधी पाहिलं होतं. सोमवारी, हौदाच्या काठावर. दादा हात निथळतायत असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

डॉक्टरने मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं आणि सिस्टरला ऑक्सिजन कमी करायला सांगितलं. वहिनी उसळल्या. "कमी? अहो, माणूस बेशुद्ध आहे आणि तुम्ही कमी काय करताय?"

"आजी, इकडे या. बसा." डॉक्टरचा आवाज शांत होता, घाई फक्त डोळ्यांत होती. "यांची छाती बरीच वर्षं थोड्यावर भागवायला शिकलेली आहे. श्वास नुसता आत घेऊन चालत नाही, आतला खराब वायू बाहेरही पडावा लागतो. यांच्यासारख्यांना ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की तो वायू बाहेर पडत नाही, आत साठतो. मग माणूस गुंगतो. घरच्यांना वाटतं, छान झोप लागली."

वहिनींचा हात तोंडावर गेला.

"घरी किती देत होता?"

"दीड. मग तीन. मग चार. आज पाच." प्रत्येक आकड्याला वहिनींचा आवाज खाली उतरत गेला. "आकडा कमी दाखवत होता हो. मीच वाढवला. माझ्याच हाताने."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"सोमवारी काय झालं?"

"काही नाही. रोजच्यासारखे भाऊजींबरोबर फिरायला गेले. आल्यावर आकडा खाली."

डॉक्टर भिंगरीकडे वळला. "मला एवढंच कळायला हवं. आकडा नखांच्या रंगामुळे खोटा येत होता, की सोमवारी खरंच काही बिघडलं? कुठे धुरात, वाफेत गेले होते का? नुसता खोटा आकडा असेल तर एक उपाय, छाती आतून नव्याने पेटली असेल तर त्याची औषधं आत्ताच सुरू करायची. वेळ घालवण्यात अर्थ नाही."

वहिनी म्हणाल्या, "नाही हो, धुरात कुठले? फिरायला गेले होते. आणि नखांचा रंग तर जुनाच—"

"जुना नाही," सिस्टर म्हणाली. तिने अंगठा पुन्हा दिव्याखाली धरला. "नख मुळातून वाढतं. जुना रंग टोकाला असता, आतापर्यंत कापलाही गेला असता. हा मुळाशी आहे."

भिंगरीच्या मनात येऊन गेलं की गप्प राहिलं तरी चालेल. वहिनींनी दोष आपल्या अंगावर ओढून घेतलाच होता. नखाचं काय, हात कुठे लागला असेल म्हणता येईल. रंगखाना वाचेल, हौद वाचेल, दादा बरा झाला की पुन्हा पोटरीच्या निमित्ताने दोन वळणं चालता येतील. हे सगळं येऊन जायला त्याने पडद्याची कड बोटाला गुंडाळली तेवढाच वेळ लागला. मग त्याने ती सोडली.

"दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही झालं, डॉक्टर. दादा रोज रंगखान्यात येतो. सोमवारी शेगडी मोठी केली होती, दारं बंद होती, हौदाला ऊब हवी होती. दादा तासभर वाफेत होता. नळीशिवाय. आणि दोन्ही हात रंगात." त्याने श्वास घेतला. "आणि ऑक्सिजन वाढवा म्हणून मीच सांगितलं. वहिनींनी नाही."

डॉक्टरने मान हलवली, सिस्टरला दोन औषधांची नावं सांगितली आणि तो गेला. त्याला हवं ते मिळालं होतं. सिस्टर सुई भरायला लागली.

वहिनी भिंगरीकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या, हात उगारला असता, तर बरं झालं असतं.

"हात दाखवा," त्या म्हणाल्या.

"वहिनी—"

"दाखवा म्हणते ना."

त्याने हात पुढे केले. नखं निळीशार, मुळापासून टोकापर्यंत. वहिनींनी ती पाहिली, मग खाटेवरची पाहिली. एकाच हौदातली.

"फिरून आले की किती खूष असायचे," त्या म्हणाल्या. "गुणगुणायचे. मला वाटायचं, पायाला उतार पडतोय. पायाच्या डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं होतं, तुमचं चालणं लागू पडलं म्हणून." त्यांचा आवाज तिथे फाटला. "दोघांनी मिळून मला चांगलं फिरवलंत, भाऊजी."

*

सहाच्या आधी रक्ताचा अहवाल आला. वायू खूपच वाढलेला. दादांच्या नाकातोंडावर पट्ट्यांनी घट्ट बांधलेला मास्क आला. त्याचं मशीन श्वासागणिक हवा आत ढकलत होतं आणि बाहेर पडू देत होतं. घरच्या मशीनसारखं ते घुरघुरत नव्हतं, फुत्कारत होतं. डॉक्टरने सांगितलं, तासाभराने पुन्हा रक्त पाहू. वायू उतरू लागला तर ठीक. नाही उतरला तर घशातून नळी घालायची की नाही, हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि एकदा घातली की अशा छातीतून ती निघेलच याची खात्री मी देत नाही.

"मी ठरवायचं?" वहिनी म्हणाल्या.

"दोघांनी बोलून ठरवा."

पण दोघं बोलत नव्हते. वहिनी उशाशी बसल्या. भिंगरी पडद्याच्या आत एक, बाहेर एक अशा येरझारा घालत होता. एक रखवालदार त्याला दोनदा बसायला सांगून गेला. एकदा तो नळावर जाऊन नखं घासूनही आला. साबण निळा झाला, नखं होती तशीच राहिली. खिशात फोन थरथरला. रंगखान्याशेजारचा शिंपी होता. "अरे, दार उघडं टाकून गेलायस. आणि वास येतोय. तुझा हौद—"

"राहू दे," भिंगरी म्हणाला आणि फोन ठेवला. वहिनींनी मान वर केली.

"काय झालं?"

"काही नाही."

"खरं सांगा. आता तरी."

"हौद हातचा चाललाय, वहिनी. तीन दिवस दादाचा हात लागला नाही."

वहिनींनी दादांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "दुपारी हे 'फेस बघ' म्हणाले, ते बरळणं नव्हतं तर."

"नव्हतं."

"मरणाच्या दारात फेस आठवला. बायको नाही आठवली." त्या हसल्या की रडल्या ते भिंगरीला कळलं नाही. "जा मग, बघून या. दोन वळणांचाच रस्ता आहे ना तुमचा."

"नाही जात."

"जायचं नसेल तर बसा. पण बसा एकदाचे."

भिंगरी स्टूल ओढून बसला. खरोखरच बसला. त्याचे गुडघे मात्र हलत राहिले.

तासाभराने दुसरं रक्त गेलं आणि अहवाल आला. वायू वाढला नव्हता. उतरलाही नव्हता. "अजून थोडा वेळ देऊ," डॉक्टर म्हणाला. "हे धड चांगलं नाही, धड वाईटही नाही." कानाला लावलेला आकडा नव्वद होता. वहिनी तो पाहून दचकल्या, तेव्हा सिस्टरने सांगितलं, यांना एवढाच हवा, आजी, हाच बरोबर आहे. वहिनींनी मान हलवली, पण त्यांची नजर त्या नव्वदवरून हटेना.

थोड्या वेळाने दादांचा उजवा हात चादरीवर हलू लागला. मनगट खाली, मग वर, मग थोडं वळून पुन्हा खाली. भिंगरी उठला.

"सिस्टर, हे बघा. मघासारखे पंजे गळतायत की..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "तो ढवळतो तसंच करतोय. उजवीकडून डावीकडे, अगदी तसंच."

सिस्टरने वाकून पाहिलं. दादांच्या कानाशी जाऊन हाक मारली, "आजोबा, माझा हात दाबा." तिने आपली दोन बोटं त्यांच्या पंजात दिली आणि थांबली. पंजा मिटल्यासारखा झाला, मग सैल पडला.

"दाबला?" वहिनींनी विचारलं.

"सांगता येत नाही. वायूनेही असं होतं, आणि जागं होतानाही होतं." तिने घड्याळाकडे पाहिलं, ट्रे ओढला आणि मनगटाची नाडी चाचपली. "रक्तच सांगेल."

आठ वाजता तिसरा नमुना प्रयोगशाळेत गेला. वहिनींनी दादांचा डावा हात धरला होता. उजवा अजून हलत होता, आणि त्याच्या लयीत भिंगरीचे ओठ ढवळण्याचे फेरे मोजत होते. अहवाल आला नव्हता.